आपली पहिली गाडी कशी निवडायची?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)



आज आपण दुचाकीबद्दल बोलणार आहोत. गावात पुष्कळ घरांत मोटारसायकल असते. पण ती चालवतं कोण, आणि मागं बसतं कोण, हे तुम्हाला माहीतच आहे. बँकेत जायचं तर नवऱ्याला वेळ हवा. लेकराला दवाखान्यात न्यायचं तर दिराला फोन करायचा. बाजारातून परत यायचं तर एसटीची नाहीतर वडापची वाट बघायची. आता मात्र आशाताई, अंगणवाडीताई, बँक सखी, पशुसखी अशी कामं करणाऱ्या कितीतरी जणी म्हणतात, "मला माझी गाडी हवी." दूध घालणाऱ्या, शिवण शिवणाऱ्या, भाजी विकणाऱ्याही तेच म्हणतात. मग पहिला प्रश्न येतो, की पहिल्यांदाच शिकणाऱ्या बाईनं गाडी कोणती घ्यावी?

आपल्याकडे बायकांच्या गाडीचा इतिहास फार जुना नाही. १९७२ साली कायनेटिकची लूना आली. वजनाला हलकी आणि बिनगिअरची. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. बटण दाबलं की सुरू, आणि गिअर बदलायची कटकट नाही. तेव्हापासून शहरातल्या बायका गाडीवर दिसायला लागल्या. खेड्यात हे लोण पोचायला वेळ लागला. पण आता पोचलं आहे, तर निवड आपण आपल्या हिशेबानं करायला शिकू या.

शोरूममध्ये गेल्यावर घरची माणसं आधी विचारतात, "मायलेज किती देते?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. पहिल्यांदा शिकणाऱ्या बाईनं पाच गोष्टी याच क्रमानं विचारायच्या. माझं अंग, माझा रस्ता, माझं ओझं, माझा पैसा आणि माझं नाव. बोटांवर मोजा, म्हणजे विसरणार नाही.

पहिली गोष्ट : माझं अंग

गाडी आपल्याला पेलली पाहिजे. नवशिक्या बाईची गाडी बहुतेक वेळा वेगात पडत नाही. ती पडते थांबताना, वळवताना, नाहीतर स्टँडवरून काढताना. म्हणजे गाडी जवळजवळ उभी असताना. त्या वेळी पाय जमिनीला पोचला नाही, की गाडी कलते आणि कललेली गाडी सावरणं अवघड जातं.

म्हणून शोरूममध्ये गाडी नुसती बघू नका, तिच्यावर बसा. रोज जे कपडे घालता तेच घालून जा. साडी नेसत असाल तर साडीत, सलवार-कुर्ता घालत असाल तर त्यात. पायात रोजचीच चप्पल ठेवा. मग बघा, दोन्ही पायांचे चवडे एकाच वेळी जमिनीला नीट टेकतात का? एक पाय तरी पूर्ण टेकतो का? पाय टेकत नसेल तर ती गाडी कितीही छान असो, तुमची पहिली गाडी नव्हे.

थोडे आकडे सांगते. होंडा ॲक्टिव्हा ११० चं वजन साधारण १०५ ते ११० किलो आणि सीटची उंची ७६५ मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांच्या आसपास. हिरो स्प्लेंडर साधारण ११२ किलो, उंची ७८५ मिलिमीटर. टीव्हीएसची एक्सएल १०० ही मोपेड ९० किलोच्या आत आहे. आणि बुलेट? क्लासिक ३५० चं वजन १९० किलोच्या वर जातं. आपलं स्वतःचं वजन ५० किलो असेल तर हा फरक काय आहे, ते वेगळं सांगायला नको.

आता बघा, स्कूटर आणि स्प्लेंडर यांच्या वजनात तसा फार फरक नाही. मग नवशिकीला स्कूटर सोपी का वाटते? कारण तिला क्लच नाही आणि गिअर नाही. मोटारसायकलवर डावा हात क्लच दाबतो, डावा पाय गिअर टाकतो, उजवा हात वेग वाढवतो आणि पुढचा ब्रेक लावतो, उजवा पाय मागचा ब्रेक लावतो. चारही हातपायांना चार कामं. स्कूटरला दोन हातांत दोन ब्रेक आणि उजव्या मुठीत वेग, एवढंच. लक्ष रस्त्यावर ठेवता येतं. शिवाय स्कूटरला पुढं मोकळी जागा असते. पाय टांगून वर चढावं लागत नाही, त्यामुळे सहावारी साडीतही बसता येतं. मोपेडचंही तसंच आहे.

म्हणजे मोटारसायकल बायकांची नाही का? असं मुळीच नाही. सलवार-कुर्ता घालत असाल, सायकल चांगली येत असेल, आणि घरात आधीच मोटारसायकल उभी असेल, तर तीच शिका. नवी गाडी घ्यायचा खर्च वाचतो. फक्त शिकायला थोडे दिवस जास्त लागतील, हे धरून चला.

शोरूममध्ये आणखी तीन गोष्टी करून बघा. एक, गाडी मेन स्टँडवर लावा आणि काढा. दोन, गाडीच्या शेजारी उभं राहून हँडल धरा आणि गाडी दहा पावलं मागं ढकला. तीन, ब्रेकच्या दांड्यांना बोटं नीट पोचतात का, ते बघा. विक्रेता म्हणेल, "होईल सवय." त्याला म्हणा, "आत्ता जमतंय का, तेवढं बघते."

दुसरी गोष्ट : माझा रस्ता

गाडी शोरूमच्या फरशीवर चालवायची नाही. ती आपल्या वाटेवर चालवायची आहे. तुमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत काय आहे? पाणंद आहे, मुरूम आहे, की पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल?

स्कूटरची चाकं लहान असतात, दहा ते बारा इंचांची. स्प्लेंडरसारख्या मोटारसायकलची अठरा इंचांची. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, लहान चाक खड्ड्यात उतरतं. म्हणून रोज चार-पाच किलोमीटर खराब रस्ता असेल, तर मोठ्या चाकांची मोटारसायकल नाहीतर मोपेड बरी. एक्सएलचं चाक स्कूटरपेक्षा मोठं असतं आणि गाडी हलकी असल्यानं चिखलात अडकली तरी ओढून काढता येते. रस्ता बहुतेक डांबरी असेल, तर स्कूटर उत्तम.

वाटेत घाट असेल, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. मोटारसायकल उतारावर खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच गाडीला आवरून धरतं. स्कूटरमध्ये तसा आधार फार कमी मिळतो. सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून स्कूटरनं घाट उतरताना सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवायचा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावत उतरायचं. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडायची नाही. ही सवय जिवावर बेतते.

ब्रेकबद्दलही विचारा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस असणं सक्तीचं झालं. एकत्रित ब्रेक म्हणजे मागचा ब्रेक लावला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो. घाबरून नुसता पुढचा ब्रेक करकचून लावला तर खडीवर चाक घसरतं. नवशिकीकडून हेच होतं. मागचा ब्रेक वापरला तर एकत्रित ब्रेकमुळे तो धोका थोडा कमी होतो. जुनी गाडी घेणार असाल तर ही सोय तिच्यात आहे का, ते विचारून घ्या.

तिसरी गोष्ट : माझं ओझं

आता विचार करा, गाडीवर तुम्ही एकट्या जाणार, की काही घेऊन? पिशवीभर कागद आणि एक वजनकाटा घेऊन फिरणाऱ्या ताईला कुठलीही स्कूटर चालेल. पण दुधाचा ४० लिटरचा कॅन भरला की नुसतं दूधच ४१ किलोच्या वर जातं. युरियाचं पोतं ४५ किलोचं. घरगुती गॅसची भरलेली टाकी ३० किलोच्या आसपास.

बहुतेक छोट्या दुचाकींवर माणसं आणि सामान मिळून साधारण १३० ते १५० किलो वजन चालतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो बघून घ्या. स्कूटरच्या पुढच्या जागेत पोतं ठेवलं की पाय बाहेर लोंबतात आणि हँडल पुरतं वळत नाही. रिकाम्या गाडीवर हात बसायच्या आत असं ओझं घेऊ नका. रोजच ओझं वाहायचं असेल, तर मोपेडचा विचार करा. तिची बांधणीच त्या कामाची आहे.

लेकरांचंही सांगते. कायद्यानं चालवणाऱ्याच्या मागं एकच माणूस बसू शकतो. चार वर्षांच्या आतलं मूल न्यायचं तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

आणि पदराचं काय? साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात अडकून बाई खेचली जाते. असे अपघात फार वाईट असतात. मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी गाडीला असलीच पाहिजे, असा नियम आहे. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. जाळी नसलेली गाडी घेऊ नका, आणि असलेली जाळी काढून टाकू देऊ नका. चालवताना पदर कमरेला खोचायचा आणि ओढणीची मागं गाठ मारायची. मागं बसणारीलाही हेच सांगायचं.

चौथी गोष्ट : माझा पैसा

जाहिरातीत असते ती शोरूमची किंमत. हातात गाडी येईपर्यंत तिच्यात रस्ता कर, नोंदणी आणि विमा मिळवला जातो. म्हणून विचारायचं, "रस्त्यावर येईपर्यंत सगळे मिळून किती?" आणि तो आकडा कागदावर लिहून घ्यायचा. जास्तीच्या जाळ्या, कव्हर, पॉलिश यांचे पैसे त्यात घातले असतील, तर नको ते काढायला सांगायचं. गाडीबरोबर आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट मिळायला हवं, तेही मागून घ्यायचं.

मग हप्ता. समजा, ६०,००० रुपये कर्ज काढलं, ३ वर्षांसाठी, १० टक्क्यांनी. व्याज सपाट दरानं, म्हणजे फ्लॅट असेल, तर दर वर्षाला ६,००० प्रमाणे १८,००० रुपये व्याज होतं. तेच व्याज घटत्या शिलकीवर असेल, तर साधारण ९,७०० रुपये होतं. टक्के तेच, पण ८,००० रुपयांहून जास्त फरक! म्हणून नुसते टक्के विचारू नका. विचारा, "फ्लॅट की घटत्या शिलकीवर? आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत मी एकूण किती भरणार?" आपल्या बचत गटातलं कर्ज महिना शेकडा दोननं असेल, तर वर्षाला ते २४ टक्के झालं. तेही घटत्या शिलकीवर असेल तर किती पडतं, ते मांडून बघा. गटाचं व्याज गटातच राहतं, हाही हिशेब त्यात धरा.

आता मायलेजचं. समजा, तुम्ही महिन्याला ५०० किलोमीटर फिरता. मोटारसायकल लिटरला ६० किलोमीटर गेली, तर साडेआठ लिटरच्या आत भागतं. स्कूटर ४५ गेली, तर ११ लिटर लागतात. फरक पावणेतीन लिटरचा. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तर महिन्याला पावणेतीनशे रुपये. तुम्ही महिन्याला १०० किलोमीटरच फिरत असाल, तर फरक पंचावन्न रुपयांचा. तेवढ्यासाठी न पेलणारी गाडी घ्यायची का, ते तुम्हीच ठरवा.

जुनी गाडी पहिली म्हणून वाईट नाही. शिकताना एखाद-दुसरा ओरखडा पडतोच, नव्या गाडीवर तो जिवाला लागतो. पण जुनी घेताना सकाळी इंजिन थंड असताना सुरू करून बघा. निळा धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय. हँडल सरळ धरल्यावर चाक सरळ आहे का, टायर किती झिजलेत, ब्रेक लागतो का, हे ओळखीच्या मेकॅनिककडून तपासून घ्या. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला मागा. थकलेले चलान, विमा आणि पीयूसी बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यातली किती उरली तेही बघा. आणि फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर झाल्याशिवाय सगळे पैसे देऊ नका.

विजेच्या गाडीचं आता सगळेच विचारतात. रोजचा प्रवास ठरलेला असेल, घरात अर्थिंग नीट असेल आणि लाइट पुरेशी राहत असेल, तर ती स्वस्त पडते. पण एका चार्जिंगमध्ये कंपनी सांगते तेवढं अंतर चढावर, ओझं घेऊन पडत नाही. बॅटरी जुनी झाली की आणखी कमी पडतं. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि दुरुस्तीचं दुकान किती लांब, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या गाडीला नोंदणी आणि परवाना लागत नाही. बाकी सगळ्या विजेच्या गाड्यांना लागतो. "परवाना लागत नाही" असं कुणी सांगितलं तर कागद मागा.

पाचवी गोष्ट : माझं नाव

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून शेवटी ठेवलं. गाडी तुमच्यासाठी घेतली, हप्ता तुम्ही भरता, आणि आरसी बुकावर नाव दुसऱ्याचं. असं पुष्कळ घरांत होतं. "एकच घर आहे, नाव कुणाचंही असू दे," असं म्हणतात. पण विमा असं म्हणत नाही.

गाडी घेताना मालकासाठी १५ लाख रुपयांचा अपघात विमा सक्तीचा असतो. हा विमा मालक-चालकाचा, म्हणजे जिच्या नावावर गाडी आहे आणि जिच्याकडे परवाना आहे तिचा. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल आणि चालवताना अपघात तुम्हाला झाला, तर त्या विम्यातून तुमच्या लेकरांना काही मिळत नाही. थर्ड पार्टी विमा असतो तो समोरच्या माणसासाठी. म्हणून जी चालवणार, तिच्या नावावर गाडी करा. पॉलिसीवर वारस कोण लावला, तेही वाचून घ्या.

आणि नाव जसं आरसीवर हवं, तसं परवान्यावरही हवं. आधी शिकाऊ परवाना काढायचा. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या आधारे घरबसल्या ऑनलाइनही देता येते. पक्क्यासाठी आरटीओत किंवा तालुक्याच्या कॅम्पात गाडी चालवून दाखवावी लागते. अर्ज भरताना नीट बघा. बिनगिअरचा परवाना घेतला, तर त्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. परवाना नसताना अपघात झाला, तर विमा कंपनी समोरच्याला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. त्यात शेत विकायची पाळी येते.

लेकीला सोळाव्या वर्षी गाडी द्यायची घाई करू नका. सोळा ते अठरा वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो. ॲक्टिव्हा किंवा स्कूटी त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलानं किंवा मुलीनं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिकायचं कसं?

गाडी आली की लगेच डांबरी रस्त्यावर जाऊ नका. शाळेचं मैदान किंवा कडक जमिनीचं मोकळं रान बघा. पहिले दोन दिवस फक्त सुरू करायची, वीस पावलं जायचं आणि ब्रेक लावून थांबायचं. उजवी मूठ वेगाची असते, म्हणून थांबताना आधी ती सोडायची आणि मग ब्रेक. घाबरल्यावर मूठ आणखी आवळली जाते आणि गाडी सुसाट पुढं जाते. हे होऊ नये म्हणून थांबायचा सराव आधी. मग वळणं, मग इंग्रजी आठचा आकडा. आरटीओत हीच परीक्षा असते. मग मागं कुणाला तरी बसवून. भरलेल्या बाजारात आणि हायवेवर सगळ्यात शेवटी. आणि मैदानातसुद्धा हेल्मेट, पट्टा लावून.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्या ज्या जणींना गाडी घ्यायची आहे, त्यांनी वहीत पाच ओळी लिहायच्या. माझं अंग, माझा रस्ता, माझं ओझं, माझा पैसा, माझं नाव. प्रत्येकीसमोर आपलं उत्तर लिहा. मग चार-पाच जणी मिळून शोरूमला जा. एकटीला विक्रेता गडबडवतो, पाच जणींना नाही. किमान तीन गाड्यांवर बसून बघा आणि त्या दिवशी पैसे न देता घरी या. दोन दिवस वही वाचा, आणि मग ठरवा.

गाडी महागातली नसली तरी चालेल, शेजारणीसारखी नसली तरी चालेल. ती तुम्हाला पेलली पाहिजे आणि तिची किल्ली तुमच्या कमरेला असली पाहिजे. सावकाश शिका, सावकाश चालवा.